शून्यात लागलेली नजर इंग्रजीत कशी लिहावी

मराठीत ‘तो शून्यात पाहत होता’ एवढे लिहिले की लेखकाचे काम भागते. माणूस दुःखात आहे, कंटाळला आहे, जुन्या आठवणींत रमला आहे की तापाच्या ग्लानीत आहे, हे वाचक मागच्यापुढच्या वाक्यांवरून समजून घेतो. इंग्रजीत या प्रत्येक अवस्थेसाठी निराळा शब्द रूढ आहे आणि तो चुकला की वाचकाच्या डोळ्यांसमोर भलताच माणूस उभा राहतो. समानार्थी शब्दांच्या कोशात हे सगळे शब्द एकाच नोंदीत दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे कथा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा मराठीतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला ते एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते. ते चालत नाहीत. कोश उघडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: नजर हलते आहे की थांबली आहे, आणि मन कुठे गेले आहे. ही दोन उत्तरे हाती असली की निवड बरीचशी आपोआप होते.

नजर हलत असेल तर

‘डिस्ट्रॅक्टेड’ हा शब्द ‘लक्ष नसलेला’ या अर्थाने सर्रास वापरला जातो, पण त्याच्या लॅटिन मुळात ‘वेगवेगळ्या दिशांना ओढणे’ हा अर्थ आहे आणि तो आजच्या वापरातही टिकून आहे. ज्याचे लक्ष कोणीतरी किंवा कशानेतरी ओढून घेतले आहे, तो डिस्ट्रॅक्टेड. त्याची नजर एका जागी ठरत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती दाराकडे, दारावरून घड्याळाकडे, तिथून मोबाइलकडे जाते. म्हणून अशा माणसाचे वर्णन करताना विशेषणापेक्षा नजरेच्या हालचालीचे क्रियापद अधिक उपयोगी पडते. ‘हिज आइज केप्ट स्ट्रेइंग टू द क्लॉक’ या वाक्यात डिस्ट्रॅक्टेड हा शब्द कुठेही नाही, पण त्याची गरजही उरत नाही. ‘स्ट्रे’ म्हणजे नको तिकडे वळणे, ‘वाँडर’ म्हणजे उगाच भटकणे, ‘ड्रिफ्ट’ म्हणजे प्रवाहात वाहत गेल्यासारखे हळूहळू सरकणे. ‘डार्ट’ मात्र इथे वापरू नये, कारण झपकन इकडून तिकडे जाणारी नजर भीती किंवा अपराधी भाव दाखवते.

याच अर्थाच्या आसपास एक खड्डा आहे. भिरभिरणाऱ्या नजरेसाठी ‘वाँडरिंग आय’ किंवा ‘रोव्हिंग आय’ असे नाम करून लिहिले, तर त्या गृहस्थाचे लक्ष परस्त्रियांकडे असते असा अर्थ निघतो. ‘हिज आइज वाँडर्ड’ हे निरुपद्रवी आहे आणि ‘ही हॅज अ वाँडरिंग आय’ ही निंदा आहे. सज्जन पात्राच्या बाबतीत एवढी काळजी घ्यावी.

नजर थांबली असेल आणि मन दुसरीकडे असेल तर

खरी शब्दसंपत्ती इथून सुरू होते. डोळे एका जागी स्थिर आहेत, पण जे समोर आहे ते दिसत नाही, कारण मन दुसरीकडे गेले आहे. मन कुठे गेले याचा अंदाज वाचकाला द्यायचा असेल तर शब्द त्या ठिकाणाप्रमाणे बदलतो.

दूरच्या जागी किंवा जुन्या काळात गेले असेल तर ‘फारअवे’ हा सर्वांत नैसर्गिक शब्द आहे: ‘देअर वॉज अ फारअवे लुक इन हर आइज’. नामाआधी विशेषण म्हणून येतो तेव्हा तो एकच शब्द म्हणून जोडून लिहितात. ‘शी लिव्ह्ज फार अवे’ असे क्रियाविशेषण असेल तेव्हा दोन शब्द सुटे लिहितात. ‘डिस्टंट लुक’ हाही जवळजवळ त्याच अर्थाचा प्रयोग आहे, मात्र ‘डिस्टंट’ हे विशेषण थेट माणसाला लावले की अर्थ पालटतो. ‘ही वॉज डिस्टंट’ म्हणजे तो तुटकपणे वागला. ‘तो तंद्रीत होता’ असे म्हणायचे असताना हे वाक्य लिहिले गेले, तर वाचक त्याला शिष्ट समजेल.

मन सुखद कल्पनेत असेल तर ‘ड्रीमी’, हुरहूर लावणाऱ्या इच्छेत असेल तर ‘विस्टफुल’. या दुसऱ्या शब्दाला मराठी एका शब्दात पकडणे कठीण आहे. जे हवे आहे ते मिळणार नाही किंवा जे होते ते परत येणार नाही, हे ठाऊक असूनही मन तिकडेच जाते, अशा नजरेला तो लावतात. रस्त्यापलीकडच्या शाळेचे मैदान पाहणारा आणि लहान वयात शाळा सोडावी लागलेला माणूस विस्टफुल दिसेल. नवी दुचाकी घेण्याचे बेत करणारा तरुण ड्रीमी दिसेल. ‘पेन्सिव्ह’ या शब्दात इच्छा नसते, विचार असतो, आणि तोही थोडासा गंभीर. त्याचे मूळ फ्रेंचमधील ‘विचार करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. निर्णय घ्यायचा असलेला, हनुवटीवर हात टेकवून बसलेला माणूस पेन्सिव्ह असतो, आणि त्याला हाक मारली तर तो लगेच भानावर येतो.

चिंतेने मन व्यापले असेल तर ‘प्रीऑक्युपाइड’. मनात आधीच दुसऱ्या कुणाचा तरी मुक्काम आहे, म्हणून समोरच्याला जागा नाही, असा त्याचा सरळ अर्थ. कशाने व्यापले आहे ते सांगताना पुढे ‘विथ’ येते; ‘डिस्ट्रॅक्टेड’च्या पुढे मात्र बहुधा ‘बाय’ येते. ‘शी वॉज प्रीऑक्युपाइड विथ द लोन’ आणि ‘शी वॉज डिस्ट्रॅक्टेड बाय द नॉइज’ ही दोन वाक्ये पाठ केली तरी पुरे.

‘अ‍ॅबस्ट्रॅक्टेड’ हा औपचारिक शब्द माझ्या मते मराठी अनुवादकांनी अधिक वापरायला हवा. मूळ लॅटिन अर्थ ‘ओढून दूर नेलेला’ असा आहे आणि आपल्या ‘विमनस्क’ शब्दाच्या तो बराच जवळ जातो, फक्त विमनस्क शब्दातली उदासी त्यात नाही. जुन्या वळणाच्या मराठी गद्याचा अनुवाद करताना ‘फारअवे लुक’ फार हलका वाटतो; तिथे ‘अ‍ॅन अ‍ॅबस्ट्रॅक्टेड एअर’ हा प्रयोग त्या गद्याचा तोल राखतो. आजच्या बोलीतील कथेत मात्र हाच शब्द पोशाखी वाटेल.

मन कुठेच नसेल तर

आता अशा नजरा ज्यांच्यामागे मन कुठे गेले आहे याचा पत्ता लागत नाही. या गटातील चार-पाच शब्दांत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

‘व्हेकंट’ हा शब्द आपल्याला रिकाम्या खोल्यांच्या आणि रिक्त पदांच्या जाहिरातींतून ओळखीचा आहे. नजरेला लावला की तोच अर्थ कायम राहतो: घर आहे, पण आत कोणी नाही. त्यामुळे त्यात किंचित कठोरपणा आहे. ‘अ व्हेकंट स्टेअर’ असे लिहिताना लेखक त्या माणसाकडे बाहेरून पाहतो आणि आत काही चालले नसावे असे सुचवतो. आजारपणाच्या किंवा खोल निराशेच्या वर्णनात हे योग्य ठरते, पण ज्या पात्राबद्दल वाचकाला माया वाटायला हवी, त्याच्यासाठी हा शब्द जपून वापरावा. ‘व्हॅक्युअस’ तर त्याच्याही पुढचा आहे; तो सरळसरळ बुद्धी नसल्याचा शेरा आहे आणि तंद्रीशी त्याचा संबंध नाही.

‘ब्लँक’ शब्दाला दोन बाजू आहेत. ‘शी गेव्ह मी अ ब्लँक लुक’ म्हणजे मी काय बोललो ते तिला कळले नाही, निदान तिने तसे दाखवले. यात तंद्री नाही. उलट ती ऐकत होती, पण अर्थबोध झाला नाही. ‘हर फेस वॉज ब्लँक’ म्हणजे चेहऱ्यावर कोणताच भाव नव्हता. परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडणारी आपली मुले ‘एकदम ब्लँक झालो’ असे म्हणतात, ते मराठीत छान रुळले आहे, पण त्याचे शब्दशः इंग्रजी करू नये. तिथे मनच कर्ता होते: ‘माय माइंड वेंट ब्लँक’.

‘ग्लेझ्ड’ आणि ‘ग्लासी’ हे दोन्ही शब्द काचेच्या घराण्यातले, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. चिनीमातीच्या बरणीवर जो चकाकणारा थर देतात त्याला इंग्रजीत ‘ग्लेझ’ म्हणतात, आणि डोळ्यांवर तसा थर चढल्यासारखा दिसतो तेव्हा ते ‘ग्लेझ्ड’ होतात. हा थर चढण्याची क्रिया महत्त्वाची आहे. डोळे आधी जागे होते आणि मग बोलणाऱ्याने आकडेवारी सुरू केली, म्हणून ‘हिज आइज ग्लेझ्ड ओव्हर’. कंटाळ्याने ऐकेनासे झालेल्या श्रोत्यासाठी इंग्रजीत यापेक्षा नेमका प्रयोग मला माहीत नाही, आणि त्यात ‘ओव्हर’ गाळून चालत नाही. थकवा आणि मद्य यांनीही डोळे ग्लेझ्ड होतात. ‘ग्लासी’ मात्र क्रियेपेक्षा अवस्था सांगतो: तापाने फणफणलेल्या मुलाचे, नशेत असलेल्या माणसाचे, बाहुलीचे किंवा मृताचे डोळे. आपण ज्यांना ‘थिजलेले डोळे’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. कंटाळलेल्या विद्यार्थ्याचे डोळे ‘ग्लासी’ म्हटले, तर वाचकाला आधी त्याच्या प्रकृतीची काळजी वाटेल.

‘डेझ्ड’ हा ग्लेझ्डशी यमक जुळवणारा शब्द असल्याने दोहोंची अदलाबदल होते. डोक्याला मार लागला, अपघात झाला, अचानक वाईट बातमी आली, म्हणून माणूस सुन्न झाला, तर तो डेझ्ड. त्यामागे नेहमी काहीतरी घडलेले असते आणि ते नुकतेच घडलेले असते.

घटना जुनी आणि भयंकर असेल, तर इंग्रजीत ‘थाउजंड-यार्ड स्टेअर’ हा वाक्प्रचार आहे. हजार यार्ड म्हणजे सुमारे 914 मीटर. दुसऱ्या महायुद्धात ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी युद्धचित्रे काढणारा अमेरिकन चित्रकार टॉम ली 1944 मध्ये प्रशांत महासागरातील पेलेल्यू बेटावर अमेरिकी मरीन सैनिकांबरोबर होता. तिथल्या लढाईने पिळून निघालेल्या एका सैनिकाचा चेहरा त्याने रंगवला, आणि त्या चित्राच्या शीर्षकात ‘दोन हजार यार्डांची नजर’ असे शब्द आले. 1945 मध्ये ‘लाइफ’ने ते छापले. पुढे वाक्प्रचार रूढ झाला तो हजार यार्डांचा. चित्रातल्या सैनिकाचे डोळे सताड उघडे आहेत आणि पाहणाऱ्याच्या आरपार गेल्यासारखे आहेत. हे चित्र एकदा पाहिले की हा वाक्प्रचार कुठे वापरायचा नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. समाजमाध्यमांवर तो सोमवारच्या बैठकीतून बाहेर पडलेल्यांच्या थट्टेसाठीही वापरतात. थट्टेत ते ठीक आहे, पण गंभीर कथेत युद्ध, दंगल, मोठी दुर्घटना अशा आघाताखेरीज तो शोभत नाही.

विशेषणापेक्षा क्रियापद आणि त्यामागचे अव्यय

इंग्रजीत या नजरेचे निम्मे वर्णन क्रियापदानंतर येणाऱ्या छोट्या अव्ययावर अवलंबून असते, आणि मराठीभाषक नेमके तिथेच चुकतात. ‘स्टेअर अ‍ॅट’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे टक लावून पाहणे. इथे लक्ष पूर्णपणे त्या गोष्टीवर आहे, म्हणजे तंद्रीच्या अगदी उलट. ‘स्टेअर इंटू स्पेस’ म्हणजे शून्यात पाहणे. ‘स्टेअर पास्ट समवन’ म्हणजे समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी नजर लावणे. ‘लुक थ्रू समवन’ म्हणजे समोर माणूसच नाही अशा रीतीने पाहणे, आणि याचे दोन अर्थ होतात: विचारात असल्याने तो दिसलाच नाही, किंवा ओळख असून मुद्दाम दाखवली नाही. दुसरा अर्थ अधिक रूढ आहे, म्हणून पहिला हवा असेल तर शेजारी तसे सांगणारे एखादे वाक्य असावे. ‘शून्य’ शब्दासाठी ‘झीरो’ किंवा ‘नथिंगनेस’ लिहिण्याचा मोह आवरावा. रूढ प्रयोगात तिथे ‘स्पेस’च आहे.

‘स्टेअर’ आणि ‘गेझ’ यांतही फरक करावा. स्टेअरमध्ये डोळे ताणलेले, पापण्या क्वचितच मिटणाऱ्या असतात. धक्का, उद्धटपणा किंवा रिकामेपण यांपैकी काहीही त्यात असू शकते. गेझ मऊ आहे, लांबलेली आहे, तिच्यात कौतुक किंवा चिंतन असते, आणि ती काहीशी साहित्यिक आहे. म्हणून ‘विस्टफुल गेझ’ आणि ‘व्हेकंट स्टेअर’ या जोड्या कानाला बऱ्या लागतात, आणि ‘विस्टफुल स्टेअर’ खटकते.

‘गेझिंग इंटू द मिडल डिस्टन्स’ हा प्रयोग इंग्रजी कादंबऱ्यांत वरचेवर भेटतो. ‘मिडल डिस्टन्स’ ही निसर्गचित्रातील संज्ञा आहे: पुढची जमीन आणि मागची पार्श्वभूमी यांच्या मधला पट्टा. माणूस जवळचे पाहत नाही आणि क्षितिजही पाहत नाही, अशी ती नजर. मैदानी स्पर्धांच्या बातम्या वाचणाऱ्यांना या शब्दांनी 800 आणि 1500 मीटरच्या शर्यती आठवतील, त्याला इलाज नाही.

आणखी एक साधन फार कमी लोक वापरतात, ते म्हणजे ‘अ‍ॅब्सेंटली’ हे क्रियाविशेषण. ‘अ‍ॅब्सेंट-माइंडेड’ हा विसराळूपणाचा स्वभाव सांगणारा शब्द आहे; चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे प्राध्यापक अ‍ॅब्सेंट-माइंडेड असतात. एखाद्या क्षणापुरते लक्ष नसणे दाखवायचे असेल तर ‘अ‍ॅब्सेंटली’ वापरावे, आणि ते नजरेला जोडण्याऐवजी हाताच्या एखाद्या कृतीला जोडावे: ‘ही नॉडेड अ‍ॅब्सेंटली’, ‘शी अ‍ॅब्सेंटली स्टर्ड हर टी’. चहा ढवळणारा हात चालू आहे आणि मन तिथे नाही, हे कळले की डोळ्यांचे वर्णन केले नाही तरी चालते.

एक वाक्य, चार प्रसंग

‘आजोबा ओसरीवर बसून शून्यात पाहत होते’ हे वाक्य घेऊ. मागच्या परिच्छेदात शेताचा तुकडा विकल्याचे आले असेल आणि आजोबांची नजर त्याच दिशेला असेल, तर ‘ग्रँडफादर सॅट गेझिंग आउट, अ विस्टफुल लुक ऑन हिज फेस’. चेहऱ्याविषयी बोलताना ‘ऑन’ येते, डोळ्यांविषयी बोलताना ‘इन’. मुलाच्या नोकरीची काळजी असेल, तर ‘ही सॅट देअर, प्रीऑक्युपाइड, अँड डिड नॉट हिअर मी कम इन’. इथे नजरेचा उल्लेखच नाही, पण मी आलेले कळले नाही या तपशिलाने काम केले. नातू विमा योजनेचे फायदे अर्धा तास समजावून सांगत असेल, तर ‘हिज आइज हॅड ग्लेझ्ड ओव्हर’. आणि आजी जाऊन महिनाही झालेला नसेल, तर कोणतेही विशेषण न लावता ‘ही सॅट स्टेअरिंग इंटू स्पेस’ एवढेच ठेवावे. दुःख जितके मोठे तितके विशेषण कमी, असा संकेत चांगल्या इंग्रजी गद्यात दिसतो. मराठीत आपण ‘भकास, उदास, हरवलेल्या नजरेने’ अशी विशेषणांची माळ लावतो आणि ती मराठीच्या लयीत खपूनही जाते. इंग्रजीत दुसऱ्या विशेषणापाशीच वाचकाला लेखकाचा हात दिसू लागतो.

‘हरवलेली नजर’ हा शब्दप्रयोग तसा स्वतंत्रपणे धोक्याचा आहे. ‘ही लुक्ड लॉस्ट’ म्हणजे तो गोंधळलेला, वाट चुकल्यासारखा दिसत होता. विचारांत हरवणे सांगायचे असेल तर ‘लॉस्ट इन थॉट’ असे पूर्ण लिहावे, आणि ‘थॉट’ एकवचनीच ठेवावे.

बोलताना

संभाषणात वरचे बहुतेक शब्द जड होतात. कोणी हाक मारली आणि आपले लक्ष नव्हते, तर ‘सॉरी, आय वॉज माइल्स अवे’ हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग सभ्य आणि पुरेसा आहे. ‘आय झोन्ड आउट’ आणि ‘आय स्पेस्ड आउट’ हे अमेरिकी वळणाचे, अनौपचारिक; मित्रांत चालतात, मुलाखतीत टाळावेत. समोरचा तंद्रीत असेल तर ‘अ पेनी फॉर युअर थॉट्स’ असे विचारतात. हा प्रयोग सोळाव्या शतकापासून चालत आला आहे आणि ‘कुठे तंद्री लागली?’ या आपल्या प्रश्नाइतकाच मायेचा आहे. ‘ब्राउन स्टडी’ (खोल विचारात बुडून जाणे) आणि ‘वूल-गॅदरिंग’ (मनोराज्यात रमणे) हे जुने प्रयोग वाचताना ओळखता यावेत, पण स्वतःच्या लिखाणात नेले तर पणजोबांचा कोट घालून फिरल्यासारखे दिसेल.

वैद्यकीय किंवा शालेय पत्रात

शिक्षकांना आणि पालकांना कधीकधी मुलाच्या अशा नजरेविषयी इंग्रजीत लिहावे लागते, आणि तिथे साहित्यिक शब्द नकोत. ‘अ‍ॅब्सन्स सीझर’ नावाचा अपस्माराचा एक प्रकार मुख्यतः लहान मुलांत आढळतो. मूल काही सेकंद एकाएकी थांबते, टक लावून बसते, हाकेला ओ देत नाही आणि नंतर काही झालेच नाही अशा रीतीने खेळू लागते. त्यामुळे वर्गात ‘ड्रीमी’ म्हटले गेलेले मूल प्रत्यक्षात आजारी असू शकते. पत्रात ‘ड्रीमी’ किंवा ‘व्हेकंट’ असा निष्कर्ष लिहिण्यापेक्षा दिसले ते साध्या क्रियापदांत लिहावे: ‘ही स्टॉप्स, स्टेअर्स, अँड डझ नॉट रिस्पाँड टू हिज नेम’. त्यापुढे हे किती सेकंद टिकते, दिवसातून किती वेळा होते, पापण्या फडफडतात का, आणि खांद्याला हात लावल्यावर मूल भानावर येते का, एवढे नोंदवावे. डॉक्टरांना उपयोग होतो तो याच तपशिलाचा.

शेवटी पडताळणी. एखादी जोडी बरोबर आहे की नाही अशी शंका आली, तर मराठी अर्थ देणाऱ्या कोशापेक्षा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडावा आणि अर्थाऐवजी उदाहरणांची वाक्ये वाचावीत. ‘ग्लेझ्ड’च्या नोंदीत ‘आइज’, ‘लुक’, ‘एक्स्प्रेशन’ ही नामे भेटतील. ‘व्हेकंट’जवळ ‘स्टेअर’ आणि ‘एक्स्प्रेशन’ सापडतील. आपण योजलेले नाम तिथे दिसले नाही, तर विशेषण बदलण्याआधी नाम बदलून पाहावे. पुष्कळदा ‘आय’च्या जागी ‘लुक’ ठेवताच वाक्य सरळ होते.